क्रूझच्या बंदरात सहा-सात तास मिळतात, त्यात पक्षी बघून होतात का? (जमैका, कार्टाहेना, पनामा, लिमोन, केमन)

कृष्णाकाठ · १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. शाळेतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. लेक-जावई अटलांटाला असतात, त्यांनी फेब्रुवारीत आम्हा दोघांना क्रूझवर न्यायचं ठरवलंय, बुकिंगही झालं. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, जमैकातलं फालमथ, मग कोलंबियातलं कार्टाहेना, मग पनामा कालव्यात गाटून तलावापर्यंत आत जाऊन परत कोलोनला यायचं, पुढे कोस्टा रिकाचं लिमोन, शेवटी ग्रँड केमन आणि परत. मधले दिवस नुसता समुद्र.

मी पंचवीसएक वर्षं पक्षी बघते. कृष्णेच्या घाटावर पहाटे फिरायला जायचे तिथून सुरुवात झाली, मग सागरेश्वर, मायणीचा तलाव, एकदा दांडेलीला धनेश दिसला त्या दिवशी तर आनंदाने जेवण गेलं नव्हतं. अटलांटाला लेकीच्या अंगणात लाल कार्डिनल बघितलेत, पण त्या बाजूच्या खऱ्या रानात पाय ठेवायची ही पहिलीच वेळ आणि वयाचा विचार केला तर परत योग येईल असं वाटत नाही, म्हणून जरा नीट तयारी करून जायचंय.

जावई फार प्रेमाने करतोय सगळं, त्याने प्रत्येक बंदराला बीच नाहीतर झिपलाइन असं काहीतरी बघून ठेवलंय. त्याला मी सांगितलं की बाबा मला एका झाडाखाली दोन तास सोडलं तरी चालेल, तर तो म्हणाला आई तुम्ही सांगा कुठे जायचं, आपण तसं करू. आता मलाच माहीत नाही काय सांगायचं! बोट सकाळी सात-आठला लागते आणि दुपारी चारला सगळ्यांनी परत वर यायचं. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास चालतील, चढ नको.

तर विचारायचं असं की बोटीकडूनच टूर घ्यावी का बाहेरचा गाइड बघावा, पाचपैकी कुठल्या बंदरावर जोर द्यावा कारण पाचही ठिकाणी धावपळ झेपणार नाही, आणि समुद्राच्या दिवसांत डेकवरून काही दिसतं का? दुर्बीण माझ्याकडे १० बाय ५०ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिमीची) जुनी आहे, जड आहे, नवी घ्यावी का? आणि मनातलं सांगते, मला टूकन (मोठ्या चोचीचा तो तिकडचा पक्षी) बघायचाय. धनेशाचा तो तिकडचा भाऊच ना?

---

टँपाकर · १४ नोव्हेंबर

ताई, फार छान ट्रिप आहे, मी जवळजवळ हाच मार्ग दोनदा केलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी टूकनचं. धनेशासारखा दिसतो पण भाऊ नाही, नात्याने तो आपल्या तांबटाच्या आणि सुतारपक्ष्याच्या घरातला. धनेश वेगळ्या कुळातला, मोठी चोच दोघांकडे स्वतंत्रपणे आली. म्हणजे सांगलीत उन्हाळ्यात दुपारभर टुक टुक करणारा तो तांबट बघत असाल तर टूकनचा खरा नातेवाईक तुमच्या दारातच आहे. आणि टूकन दिसायची सगळ्यात चांगली संधी तुम्हाला पनामात आणि लिमोनला आहे, तिथे दोन मोठ्या जाती भेटतात, कील-बिल्ड म्हणजे ज्याच्या चोचीत हिरवा केशरी लाल निळा सगळे रंग आहेत तो आणि दुसरा यलो-थ्रोटेड, ज्याची चोच अर्धी पिवळी अर्धी तपकिरी. दुसरा शेंड्यावर बसून लांबवर ऐकू जाईल असा ओरडतो, आधी आवाज येतो मग दिसतो.

आता बंदरांचं. माझ्या मते तुम्ही पनामा आणि लिमोन हे दोन दिवस पक्ष्यांना द्या, बाकी तीन ठिकाणी घरच्यांबरोबर फिरता फिरता जे दिसेल ते बघा.

पनामात एक गोष्ट बऱ्याच जणांना आधी कळत नाही. बोट सकाळी गाटूनच्या लॉक्समधून (दारं बंद करून पाणी भरून बोट वर उचलणारे हौद) तीन पायऱ्यांनी २६ मीटर वर चढते आणि तलावात थांबते. तिथे फक्त ज्यांनी बोटीची टूर घेतलीय त्यांनाच छोट्या बोटीने खाली उतरवतात. बाकीच्यांना बोट परत खाली उतरून कोलोनला लागेपर्यंत थांबावं लागतं, तोपर्यंत दुपार होते आणि दुपारच्या उन्हात जंगल गप्प असतं. म्हणून पनामात बोटीचीच टूर घ्या, थोडी महाग पडली तरी घ्या. त्यात कालव्याकाठच्या गांबोआ गावाच्या बाजूला रेनफॉरेस्टमध्ये जाणारी किंवा तलावात लहान होडीने फिरवणारी अशी असते. संध्याकाळी बसने कोलोनला आणून सोडतात, बोट तिथे उभीच असते, आणि टूरला उशीर झाला तर बोट थांबते.

तो तलाव म्हणजे चाग्रेस नदीवर धरण बांधून पाणी अडवलं त्यातून झालेला आहे, कालवा १९१४ साली सुरू झाला. पाणी चढलं तसं डोंगरांचे माथे बेटं झाले, त्यातलंच एक बारो कोलोरादो, तिथे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं जंगलाचा अभ्यास करतायत. आणि गांबोआजवळ पाइपलाइन रोड म्हणून एक कच्चा रस्ता आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तेलाच्या पाइपासाठी केलेला, तो आज जगभरच्या पक्षीवाल्यांना पाठ आहे. तिथे रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरचा ३२ मीटर उंच मनोरा आहे, वर गेलं की झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर आपण उभे असतो. मी तिथे स्लेटी-टेल्ड ट्रोगन बघितला, आपल्या कर्ण्याचाच जातभाई, हिरवी पाठ आणि लालभडक पोट, अगदी तसाच न हलता बसलेला. मला त्या क्षणी आंबोलीची आठवण आली आणि घसा दाटला खरं सांगतो.

डेकवरून दिसतं का, तर हो. पण वरच्या पूलच्या डेकवर नाही. खालचा जो फिरायचा डेक असतो तिथे पुढच्या टोकाकडे, वाऱ्याच्या आडोशाला उभं राहायचं, सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास. बोट पाणी कापत जाते तसे पुढून उडते मासे उसळतात आणि त्यांच्यावर बूबी पक्षी झेपा टाकतात. ब्राउन बूबी सगळ्यात जास्त, मास्क्ड आणि रेड-फुटेडसुद्धा दिसतात, कधीकधी एकच पक्षी तासभर बोटीच्या बरोबरीने उडत राहतो. किनारा जवळ आला की फ्रिगेट पक्षी, लांब, टोकाला दुभंगलेली शेपटी, पंख वाकडे. त्याची पिसं भिजलेली चालत नाहीत म्हणून तो पाण्यात बसत नाही आणि दुसऱ्यांनी पकडलेला मासा हवेतच हिसकावून घेतो.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. बोटीला सतत थरथर असते, १०च्या दुर्बिणीत चित्र नाचतं आणि १० बाय ५० दिवसभर गळ्यात घेऊन मान दुखेल. आणि एक फार महत्त्वाचं, केबिनमध्ये एसी असतो, तिथून एकदम बाहेरच्या दमट हवेत आलात की काचांवर धुकं येतं आणि वीस मिनिटं काही दिसत नाही. बाल्कनी असेल तर उतरायच्या अर्धा तास आधी दुर्बीण पिशवीत बंद करून बाहेर ठेवा.

---

नाशिकचा_डॉक्टर · १५ नोव्हेंबर

पक्ष्यांचं बाकीचे सांगतील, मी कागदांचं आणि लसीचं सांगतो कारण यात लोक ऐनवेळी अडकतात.

१. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते पासपोर्ट उघडून बघा, बोट परत फ्लोरिडात येते तेव्हा तुम्ही नव्याने अमेरिकेत शिरता. प्रत्येक देशाला भारतीय पासपोर्टवर काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा, लेकीचा अमेरिकन पासपोर्ट असेल तर तिचे नियम तुम्हाला लागू नाहीत.

२. कोलंबिया आणि पनामा ही यलो फीवरच्या (डासांमुळे होणारा ताप) यादीतली नावं आहेत. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि सर्टिफिकेट नसेल तर क्वारंटाइन करतात. तुम्ही नंतर लेकीकडे राहणार असाल तर हा प्रश्न येणार नाही, पण कोलंबियाहून कोस्टा रिकात शिरतानाही सर्टिफिकेटचा नियम आहे, क्रूझवाल्यांना त्यात सूट आहे का हे विचारून ठेवा. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मात्र साठीच्या पुढे ही लस आपण होऊन घेऊ नका, या वयात तिचे गंभीर दुष्परिणाम व्हायची शक्यता जास्त असते, तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलून मगच ठरवा. डासांसाठी लांब बाह्या आणि मलम हे दोघांनीही पाळायचं.

---

ह्यूस्टनची_दुर्बीण · १५ नोव्हेंबर

कृष्णाकाठ ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझी आई आठवली, ती पण अशीच, कोल्हापूरला रंकाळ्यावर तासन् तास बसायची. तुम्ही नक्की जा.

मी लिमोन आणि जमैकाबद्दल लिहिते. लिमोनला बाहेरचा गाइड घेतलात तर चालेल, कारण बोट धक्क्यालाच लागते, उतरलं की गेटबाहेर माणूस उभा. पण तो पक्ष्यांचा गाइड असावा, नुसता टॅक्सीवाला नको. आम्ही पहिल्या वेळी धक्क्यावरच एक गाडी ठरवली, त्याला सांगितलं पक्षी बघायचेत, तो हो हो म्हणाला आणि आधी एका दुकानात घेऊन गेला मग दुसऱ्या दुकानात, जंगलात पोचेपर्यंत दहा वाजून गेले होते आणि सगळं शांत. त्याचा दोष म्हणत नाही, त्याला कळलंच नव्हतं आम्हाला काय हवंय, पण ते दोन तास परत मिळाले नाहीत. दुसऱ्या वेळी दोन महिने आधी ईमेल करून पक्षी ओळखणारी बाई ठरवली, तिने आम्हाला सरळ मोईनच्या बाजूने तोर्तुगेरोच्या कालव्यांत होडीतून नेलं आणि तुमच्या मिस्टरांच्या गुडघ्यांना हेच सगळ्यात योग्य आहे, बसूनच सगळं बघायचं.

तिथे काय काय दिसलं सांगू? अनहिंगा, म्हणजे आपला तिरंदाज, तसाच सापासारखी मान पाण्याबाहेर काढून पोहतो आणि मग पंख पसरून वाळवत बसतो. तीन जातींचे खंड्या. कमळपक्षी, तिकडचा नॉर्दर्न जकाना, पंख उघडले की आतून लिंबासारखा पिवळा. त्यांच्यात मादी मोठी आणि अंडी नर उबवतो, आपल्या कमळपक्ष्यासारखंच. मग एका झाडावर माँटेझुमा ओरोपेंडोलाची वसाहत, हे बघितलं तेव्हा मी ओरडलेच, अहो सुगरणीची घरटी! तशीच विणलेली लोंबती, पण एकेक हातभर लांब आणि एका झाडावर डझनांनी. सुगरणीशी नातं काही नाही म्हणे, पण विणकाम बघून विश्वास बसत नाही. नर फांदीवर पुढे झुकून पार उलटा लोंबतो आणि बाटलीतून पाणी ओतल्यासारखा गुळगुळ आवाज काढतो.

घड्याळाचं लक्षात ठेवा!! कोस्टा रिका फ्लोरिडाच्या एक तास मागे असतं हिवाळ्यात, बाकी जमैका कोलंबिया पनामा केमन चारही ठिकाणी तेव्हा फ्लोरिडाचीच वेळ. बोट स्वतःचं घड्याळ बदलेल किंवा नाही बदलणार, ते रोजच्या पत्रकात लिहिलेलं असतं. गाइडला नेहमी बोटीची वेळ सांगा आणि मोबाइल आपोआप वेळ बदलतो त्यावर विसंबू नका, हातात साधं घड्याळ घाला. बाहेरच्या गाइडबरोबर उशीर झाला तर बोट थांबत नाही, आम्ही दीड तास आधी परत यायचं असा नियम ठेवलाय.

जमैकाबद्दल एकच गोष्ट आधी सांगते, तिथे मिलिटरीसारखे ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. पक्षी बघणारे हौसेने तेच घेतात, टोपीसुद्धा नको. साधा खाकी किंवा मातकट रंग चालतो.

---

कृष्णाकाठ · १५ नोव्हेंबर

अहो बरं झालं सांगितलंत, ह्यांची टोपी नेमकी तशीच आहे! काढून ठेवली. डॉक्टर, व्हिसा मल्टिपल आहे, लसीचं आमच्या डॉक्टरांना विचारते. क्रूझनंतर महिनाभर लेकीकडेच आहोत.

टँपाकर, त्या मनोऱ्याला पायऱ्या किती? आणि फालमथला उतरून जमैकाचा तो लांब शेपटीचा हमिंगबर्ड दिसेल का? फोटोत बघितल्यापासून डोळ्यासमोरून जात नाही.

---

रानवाट · १६ नोव्हेंबर

मनोऱ्याला लिफ्ट नाही, सगळ्या पायऱ्याच, आणि गुडघे दुखत असतील तर मी तर म्हणेन मनोरा सोडून द्या. टँपाकरांशी इथे माझं थोडं वेगळं मत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला उंचावरून जंगल बघून गोंधळायला होतं, पक्षी लांब असतात, दोन सेकंदात जातात. तलावातली होडीची टूर घ्या, होडी बेटांच्या अगदी कडेने जाते, किनाऱ्यावरच्या झाडांवर टूकन बसतात, माकडं दिसतात, पाणशेवाळावर वॅटल्ड जकाना चालतो (पनामात हा, लिमोनला गेलात की दुसरा, एका ट्रिपमध्ये दोन्ही कमळपक्षी), वर स्नेल काइट नावाची घार घिरट्या घालते, ती फक्त गोगलगायींवर जगते म्हटलं तरी चालेल, चोच त्यासाठीच आकड्यासारखी वळलेली. आणि दोघं मिळून बघता येईल हे जास्त महत्त्वाचं नाही का.

जमैकाचा लांब शेपटीचा तो स्ट्रीमरटेल, त्यांचा राष्ट्रीय पक्षी, तिथले लोक डॉक्टर बर्ड म्हणतात. नराच्या शेपटीची दोन पिसं शरीरापेक्षा लांब, उडताना त्यांचा भुर्रर्र असा आवाज येतो, आधी कानाला कळतं. तो बागांमधून सगळीकडे असतो, त्यासाठी जंगलात जायला लागत नाही. मोंटेगो बेच्या वरच्या डोंगरात रॉकलँड्स म्हणून जुनी जागा आहे, तिथे हातात साखरपाण्याची बाटली धरून बसलं की हमिंगबर्ड बोटावर येऊन बसतो, फालमथहून गाडीने साधारण पाऊण-एक तास, आधी फोन करून चालू आहे का विचारा. खुर्चीत बसून बघायचंय त्यामुळे काकांना पण जमेल.

आणि तिथे टोडी शोधा ताई, कृपा करून शोधा. चिमणीपेक्षा लहान, पोपटी पाठ, गळ्याला लाल ठिपका, मोठं डोकं, हलत नाही त्यामुळे नजरेतून सुटतो. हा खंड्या आणि वेडा राघू यांच्या गोतावळ्यातला आहे, राघूसारखाच मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, आणि टोडींचं अख्खं कुळ कॅरिबियन बेटांच्या बाहेर जगात कुठेच नाही. जमैकाचा टोडी फक्त जमैकात.

एक वाईट पण खरी गोष्ट. जमैकात मुंगूस दिसेल तुम्हाला रस्त्यात. तो आपल्याकडचा. १८७२ साली उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं आणली, ती वाढली आणि तिथून बाकीच्या बेटांवरही नेली. उंदीर काही संपले नाहीत पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपत गेले, जमैकन पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी तर तेव्हापासून जवळजवळ कोणाला दिसलेलाच नाही. मला आपल्या अंगणातला मुंगूस फार आवडतो, तिथे तो बघून पोटात खड्डा पडला होता.

कार्टाहेनाला काही ठरवू नका. बोट लागते त्या टर्मिनलमध्येच एक बाग केलीय, मकाव, टूकन, फ्लेमिंगो असे मोकळे फिरतात, घरच्या सगळ्यांना आवडेल. पण ते पाळलेले, त्यातला टूकन तुमचा पहिला टूकन म्हणून मोजू नका. बागेतल्याच फांद्यांवर बाहेरून आलेले पक्षी असतात ते बघा.

---

टँपाकर · १६ नोव्हेंबर

रानवाट यांचं पटलं, गुडघ्यांचं माझ्या लक्षातून गेलं होतं. ताई होडीच घ्या.

केमनला बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांनी उतरवतात, त्यात सकाळचा एक तास जातो. पहिल्या होडीत जा किंवा निवांत दहानंतर जा, मधल्या वेळेत रांग मोठी. क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्क गाडीने पाऊण तास, सपाट वाटा, बाकं आहेत, तिथे केमन पॅरट दिसतो, हिरवा, पांढरं कपाळ, गुलाबी गाल, आणि निळ्या इग्वाना. तेवढं लांब नको असेल तर स्पॉट्सला एक छोटं तळं आहे गव्हर्नर गोर बर्ड सँक्च्युअरी, शहराच्या जवळच.

मोबाइलवर पक्षी ओळखणारं मर्लिन अॅप घ्या आणि जमैका, कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका, केमन सगळ्यांचे पॅक घरी वायफायवर डाउनलोड करून घ्या. मग नेट नसतानाही आवाजावरून सुचवतं. बोटीवरचं नेट महाग आणि हळू.

---

कृष्णाकाठ · ९ मार्च

मंडळी, परत आले. लेकीकडे अटलांटाला आहे, जेट लॅग नाही पण मन अजून तिकडेच आहे. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

जमैकात रॉकलँड्सला गेलो. ह्यांनी बाटली धरली आणि मी शेजारी बसले, चार-पाच मिनिटांत तो भुर्रर्र आवाज आला आणि डॉक्टर बर्ड ह्यांच्या तर्जनीवर बसला. वजन काहीच लागत नाही म्हणाले, नुसती पायांची गार नखं लागतात. बेचाळीस वर्षांत मी त्यांना पक्षी बघताना असं गप्प झालेलं बघितलं नव्हतं. मग परत येताना गाइडने गाडी थांबवून दरडीच्या वरच्या फांदीवर टोडी दाखवला, मला दोन मिनिटं दिसेचना, पान समजून त्याच्यावरूनच नजर जात होती. दिसला तेव्हा, रानवाट, तुमची आठवण काढली.

कार्टाहेनाला फार काही केलं नाही, ऊन प्रचंड. टर्मिनलच्या बागेत नातवाला मकाव दाखवले.

पनामाचं काय सांगू. पहाटे साडेपाचला डेकवर उभी राहिले, लॉक्सचे दिवे लागलेले, आणि उजाडलं तसं वर आभाळात बघितलं तर गिधाडं. पाच-दहा नाही हो, मोजता मोजता शंभरच्या पुढे गेले आणि सोडून दिलं. काळी गिधाडं आणि लाल डोक्याची टर्की व्हल्चर, त्यांच्यातच फ्रिगेट मिसळलेले. मला माहितीय ही आपल्या गिधाडांची सख्खी नाहीत, कुळच वेगळं आहे, पण माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकायचे तिथे असंच आभाळ भरायचं. मग गुरांना द्यायच्या त्या डायक्लोफिनॅकने सगळी गेली, २००६ला गुरांसाठी बंदी आली तोवर उशीर झाला होता, आणि मी शाळेत मुलांना गिधाड फक्त चित्रात दाखवत आले. लेक म्हणाली आई रडतेस का, तर काय सांगणार.

होडीत टूकन दिसला! कील-बिल्ड, दोन, एका उंच झाडावर फळ खात होते. फळ चोचीच्या टोकाने तोडायचं, मान मागे टाकायची आणि वर उडवून गिळायचं. धनेश पण अगदी तसंच करतो, नातं नसेना का. लिमोनला परत दिसले, पण पहिला तो पहिलाच.

लिमोनला ह्यूस्टनच्या ताईंनी सांगितलं तसं आधी ईमेल करून गाइड ठरवला. ओरोपेंडोलाचं झाड बघितलं, चोवीस घरटी मोजली. पाऊस आला मध्येच धो धो, होडीवाल्याने प्लास्टिक दिलं, पाऊस थांबल्यावर सगळं रान एकदम बोलायला लागलं. आणि कुरणात गाईंच्या पायाशी बघते तर गायबगळा! गाइडला म्हटलं हा तर आमच्या शेतात असतो, तर ती म्हणाली की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हे आफ्रिकेतून आपले आपण अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत आले आणि मग वर पसरले, कोणी आणले नाहीत.

केमनला पॅरट लांबून उडताना फक्त. चालायचंच.

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, त्यावरच सगळी ट्रिप आखली गेली. आता एक ओळखायला मदत करा. शेवटच्या समुद्राच्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला एक पक्षी बोटीच्या पुढे पुढे उडत होता, वरून सगळा चॉकलेटी, डोकं आणि मान पण चॉकलेटी, पोट एकदम पांढरं आणि दोन्हीच्या मध्ये छातीवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. चोच पिवळट, टोकदार. उडता मासा हवेत पकडला त्याने, माझ्या डोळ्यासमोर. मर्लिनने दोन नावं दाखवली.

---

टँपाकर · ९ मार्च

ताई, ब्राउन बूबी. ती सरळ रेघ हीच त्याची खूण, पिल्लांत ती एवढी स्पष्ट नसते, म्हणजे तुम्ही पूर्ण वाढलेला बघितलात. काकांच्या बोटावर डॉक्टर बर्ड बसल्याचं वाचून मी बायकोला हाक मारून परत मोठ्याने वाचून दाखवलं.

---

रानवाट · १० मार्च

ब्राउन बूबीच. याचा भाऊ मास्क्ड बूबी पावसाळ्यातल्या वादळात कधीकधी आपल्या कोकण किनाऱ्यावर थकून येऊन पडतो, रायगड-रत्नागिरीकडे कोणाला ना कोणाला सापडतो. जूनमध्ये गणपतीपुळ्याला वगैरे गेलात आणि किनाऱ्यावर मोठा पांढरा पक्षी बसलेला दिसला तर हाकलू नका, परत समुद्रात पण सोडू नका, पेटीत अंधारात ठेवा आणि वनखात्याला फोन करा. दोन-चार दिवस खाऊन पिऊन ताकद आली की उडतात ते.

---

कृष्णाकाठ · १० मार्च

माझी बहीण गुहागरला असते. आजच फोन करून सांगते तिला.